कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय? आधी किती चुकतंय ते मोजा

मोबाईल आणि कॉम्प्युटर शेजारी धरा, दोन्हींच्या वेळेतला फरक कागदावर लिहा. तासाचा अंदाज नको, मिनिटापर्यंत लिहा, आणि तारीख-सालही तपासा. बहुतेक जण हे न करता कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून वेळ हाताने बदलून मोकळे होतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. फरकाचा आकडाच बिघाड कुठे आहे ते सांगतो, आणि हाताने वेळ बदलली की हा पुरावाच पुसला जातो.

पीसीमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, ज्याला आरटीसी म्हणतात. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५वा घात, त्यामुळे सर्किटने तो पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक सेकंद मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हीच युक्ती असते. पीसी बंद असताना हे घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर चालतं. दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचं. ते सुरू होताना पहिल्याकडून वेळ उचलतं, पुढे स्वतः मोजत राहतं आणि नेट मिळालं की बाहेरच्या सर्व्हरशी ताडून पाहतं. आतून ते यूटीसी, म्हणजे जगाची सामाईक प्रमाणवेळ मोजतं, आपल्याला दाखवताना त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवतं. म्हणजे बिघाडाच्या जागा तीन: सेल, टाइम झोन आणि सर्व्हरशी ताळमेळ. कधीकधी दोन एकदम बिघडतात, तेव्हा मात्र डोकं खाजवावं लागतं.

खाली आलेल्या कमांड आणि सर्व्हरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची, आकडेही इंग्रजी. कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा असेल

एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर कारण जवळपास नक्की हेच. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ लिहून ठेवतं, लिनक्स यूटीसी लिहितं. संध्याकाळी साडेपाचला लिनक्स बंद केलं, तर आरटीसीत दुपारचे १२ नोंदलेले असतात. मग विंडोज सुरू होतं, तो आकडा मुंबईची वेळ समजतं आणि साडेपाच तास मागे पडतं. उलट दिशेने गेलात तर लिनक्स तेवढंच पुढे धावतं आणि नेट मिळाल्यावर जागेवर येतं.

दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवा. दोघांनाही शिकवलीत तर पुन्हा तोच गोंधळ, फक्त दिशा उलटी. सोपा मार्ग लिनक्सच्या बाजूने: टर्मिनलमध्ये «सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १». यावर लिनक्स एक इशारा दाखवतं, त्याचा मुख्य रोख उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांवर आहे. भारतात घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे होत नाही, त्यामुळे घरच्या पीसीवर हा मार्ग चालतो. नीटनेटका मार्ग विंडोजच्या बाजूने आहे. रजिस्ट्री एडिटर उघडा, एचकी लोकल मशीनखाली सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन असं आत जा. तिथे «रिअलटाइमइजयुनिव्हर्सल» नावाची डीवर्ड नोंद करा (चारही शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल), किंमत १ द्या आणि पीसी रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी बॅकअप घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको.

पीसीवर विंडोज एकटंच असेल आणि तरी फरक साडेपाच तासांचा असेल, तर झोन यूटीसीवर राहिला आहे.

फरक १५ मिनिटं, अर्धा तास किंवा साडेतेरा तास

हे सगळे झोनचे आकडे. १५ मिनिटं पुढे म्हणजे यादीत काठमांडू निवडलं गेलंय, नेपाळची वेळ यूटीसीच्या ५:४५ पुढे आहे. अर्धा तास पुढे म्हणजे ढाका, अर्धा तास मागे म्हणजे कराची किंवा ताश्कंद. १३ तास ३० मिनिटं मागे, किंवा उन्हाळ्यात १२ तास ३० मिनिटं मागे, म्हणजे विंडोज नवीन टाकताना झोन अमेरिकेच्या पॅसिफिकवर तसाच राहिला. फरक बरोबर १२ तासांचा असेल तर झोन नीट आहे, कुणीतरी हाताने वेळ लावताना एएम-पीएमची गल्लत केली आहे.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम इथे जा आणि यादीतून चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली अशी ओळ निवडा. त्याच ५:३० ची दुसरी ओळ श्री जयवर्धनेपुराची, म्हणजे श्रीलंकेची आहे. आज दोन्हींत वेळ सारखीच दिसते, पण श्रीलंकेने मागे आपली वेळ बदललेली असल्यामुळे जुन्या तारखांच्या नोंदी वेगळ्या दिसू शकतात. लिनक्सवर «सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता» (एशिया आणि कोलकाता या दोन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल). «एशिया/मुंबई» शोधू नका, ते यादीत नाही. मुंबईला स्वतःची वेळ एकेकाळी होती: देशात १९०६ पासून प्रमाणवेळ आली तरी शहरात ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालत होता. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे इथल्या सूर्याशी इमान राखून. प्रमाणवेळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाची.

झोन चुकलेला असताना वेळ हाताने दुरुस्त करणं ही सगळ्यात महागडी चूक. कोपऱ्यातला आकडा बरोबर दिसतो, पण आतली यूटीसी बिघडते. मग लक्षणं भलतीकडेच उगवतात. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड कॉम्प्युटरवरच्याच ऑथेंटिकेटरमधून घेत असाल, तर तो कुठेच चालत नाही, कारण तो यूटीसीवरून काढला जातो. पाठवलेली मेल समोरच्याला काही तास आधीची किंवा नंतरची दिसते. "घड्याळ तर बरोबर आहे, मग लॉगिन का होत नाही?" या प्रश्नाचं उत्तर इथे असतं. म्हणून क्रम पाळा: आधी झोन, मग वेळ.

तारीखच काही वर्षं मागे गेली असेल

सेल संपला. पीसी सुरू होताना काळ्या पडद्यावर सीमॉस चेकसम किंवा सीमॉस बॅटरी लो असा संदेश येतो, ब्राउझर प्रत्येक साईटचं प्रमाणपत्र नाकारतो, आणि तारीख थेट मदरबोर्ड बनला त्या सुमारास जाऊन बसते. पीसीची पिन लावलेली आणि बटण चालू असेल तोवर आरटीसीला वीज पॉवर सप्लायकडून मिळते, सेलवर भार पडत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मेन स्विच पाडून ऑफिस बंद करणाऱ्यांचे सेल लवकर संपतात. मेन पाडणं चूक नाही, विशेषतः पावसाळ्यात. फक्त सेलचा हिशेब ठेवा.

हा सेल बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ असतो. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. दुकानात सीआर२०२५ हातात ठेवला तर घेऊ नका. व्होल्टेज तेच असलं तरी जाडी २.५ मिलिमीटर, खाचेत सैल बसतो आणि धक्का लागला की वेळ पुन्हा जाते. एलआयआर२०३२ तर अजिबात नको. तो चार्ज होणारा सेल आहे, व्होल्टेज जास्त. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मूठभर सेल सुटे विकले जातात, पण सीलबंद पट्टीतला घ्या. सुटे सेल एकमेकांना टेकून आधीच थोडे उतरलेले असतात.

बदलण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटचा क्रम आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत), म्हणजे एएचसीआय की रेड, याचा मोबाईलवर फोटो काढा. सेल काढला की या सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात, आणि साटा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोस बदललेला दिसला की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर आतला डेटा गेला म्हणून समजा.

मग शट डाउन करा, पिन काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवा. सेलच्या कडेची छोटी क्लिप बोटाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने ढकला, सेल स्वतः वर उडतो. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, खाचेचा पत्रा वाकला की नवा सेलही टेकत नाही. नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवा. मल्टिमीटर असेल तर जुना मोजा: नवा ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला बदलायचाच. जुना चांगला भरला आणि तरी वेळ जात असेल, तर खाचेतले संपर्क पाहा. समुद्राजवळच्या इमारतींत दमट हवेने त्यांच्यावर हिरवट-पांढरा थर चढलेला सापडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने तो पुसता येतो. जुना सेल लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, गिळला तर जिवावर बेततं.

लॅपटॉपमध्ये हा सेल अनेकदा काळ्या आवरणात गुंडाळलेला आणि दोन तारांच्या कनेक्टरवर असतो, काहींत तो वेगळा नसतोच. नेमका तसाच कनेक्टर मिळाल्याशिवाय उघडू नका.

सेल बसवल्यावर बायोसमध्ये तारीख-वेळ लावा. इथलं घड्याळ २४ तासांचं असतं. हे काम टाळून थेट विंडोजवर भरवसा ठेवला, तर पुढचा सापळा वाट बघतोय.

फरक काही सेकंद किंवा मिनिटांचा असेल आणि वाढत जात असेल

ताळमेळ बंद आहे. साधा स्फटिक दशलक्षामागे २० भागांची चूक करतो असं धरलं तर दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला सुमारे ५० सेकंद. तापमानाने ही चूक बदलते. दिवसभर तापलेलं कॅबिनेट आणि रात्री एसी बंद असलेली खोली, यांत स्फटिक एकसारखा चालत नाही. त्यात बिघाड नाही, स्वभाव आहे. म्हणून बाहेरून दुरुस्ती लागते, आणि ती एनटीपी नावाच्या पद्धतीने होते. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी ती मांडली, पहिला दस्तऐवज १९८५ चा. कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो तेव्हा चार क्षण नोंदले जातात: प्रश्न निघाला, पोहोचला, उत्तर निघालं, मिळालं. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला असं गृहीत धरून मधली चूक काढली जाते. मोबाईल हॉटस्पॉटवर जायला १०० आणि यायला ४० मिलिसेकंद लागले, तर हिशेब ३० मिलिसेकंदांनी चुकेल. घरी याने काहीही बिघडत नाही. शेअर बाजाराच्या यंत्रणांना मात्र हे परवडत नाही.

विंडोजमध्ये त्याच डेट अँड टाइमच्या पानावर «सेट टाइम ऑटोमॅटिकली» चालू करा आणि «सिंक नाऊ» दाबा. चाललं तर काम संपलं. नाही चाललं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून «डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस» द्या. «सोर्स»च्या ओळीत लोकल सीमॉस क्लॉक किंवा फ्री-रनिंग सिस्टम क्लॉक आलं तर कॉम्प्युटर कोणाचंच ऐकत नाही, एकटाच चालला आहे. सेवा सुरू नसल्याचा एरर आला तर «नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम», मग «डब्ल्यू३२टीएम /रीसिंक».

आता तो सापळा. डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती लॉगिनच्या व्यवस्थेत नसलेलं विंडोज ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा जास्त चूक आपोआप दुरुस्त करत नाही. एवढा फरक म्हणजे सर्व्हरच खोटं बोलत असेल असं ते मानतं. सेल संपून तारीख २०१५ वर गेली असेल तर सिंक नाऊ कितीही वेळा दाबा, हाती काही लागत नाही. तारीख आणि वेळ आधी हाताने जवळपास बरोबर लावा, झोन तपासा, मग सिंक करा. वेळ हाताने बदलावी असा प्रसंग हाच.

वेळेच्या सेवेला माहितीच मिळाली नाही असा संदेश आला, तर «डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:टाइम.विंडोज.कॉम /सॅम्पल्स:५ /डेटाओन्ली» द्या. पाच ओळींत सेकंदांचे आकडे आले तर रस्ता मोकळा आहे. एरर आले तर एनटीपी ज्या वाटेने ये-जा करतं तो यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट कुठेतरी अडला आहे, बहुधा ऑफिसच्या फायरवॉलवर. मोबाईल हॉटस्पॉट जोडून तीच कमांड पुन्हा चालवा. तिथे चाललं तर दोष आपल्या नेटवर्कचा.

लिनक्सवर नुसतं «टाइमडेटसीटीएल» दिलं की सगळं एका पडद्यावर येतं: स्थानिक वेळ, यूटीसी, आरटीसीची वेळ, झोन आणि सिस्टिमचं घड्याळ जुळलं आहे की नाही. जुळलं नसेल तर «सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू». सर्व्हर म्हणून चालणाऱ्या यंत्रावर क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्राम टाका. त्याच्या सेटिंगच्या फाइलमधली «मेकस्टेप १.० ३» ही ओळ समजून घ्या: पहिल्या तीन तपासण्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर घड्याळ उडी मारेल, त्यानंतर मात्र हळूहळू सरकवत आणेल. चालू डेटाबेसखाली घड्याळ मागे उडालं तर नंतरची नोंद आधीची ठरते आणि ठरलेल्या वेळेची कामं दोनदा चालू शकतात, म्हणून हा सावधपणा. «क्रोनीसी ट्रॅकिंग» दिलं की सध्याची चूक दिसते. सगळं जुळल्यावर «सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू» ने ती वेळ आरटीसीत उतरवा.

मॅकवर सेटिंग्जमध्ये जनरल, डेट अँड टाइम इथे आपोआप वेळ घेण्याचं बटण आहे. तेवढं पुरतं.

कोणाची वेळ घ्यायची

भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, राखते. तिचा सर्व्हर «टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग». सरकारी संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या एनआयसीचे «समय१.एनआयसी.इन» आणि «समय२.एनआयसी.इन». घरी टाइम.विंडोज.कॉम पुरेसा आहे. पण कंपनी, डेटा सेंटर किंवा सरकारी कार्यालय असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार एनआयसी किंवा एनपीएलच्या, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरकडून वेळ घ्यायची आहे. देशाबाहेरही यंत्रणा असलेल्यांना दुसरा अचूक स्रोत चालतो, पण तो या दोघांपासून ढळता कामा नये.

विंडोजमध्ये सर्व्हर बदलायला: «डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:"समय१.एनआयसी.इन,०एक्स८ समय२.एनआयसी.इन,०एक्स८ टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग,०एक्स८" /सिंकफ्रॉमफ्लॅग्स:मॅन्युअल /अपडेट», आणि मग रीसिंक. सर्व्हरच्या मध्ये एक जागा सोडायची, अवतरणचिन्हं विसरायची नाहीत. क्रोनीमध्ये प्रत्येक सर्व्हरची वेगळी ओळ, शेवटी «आयबर्स्ट». सर्व्हर दोनच ठेवणं सगळ्यात वाईट. दोघांत मतभेद झाला तर खरा कोण ते कळायला मार्ग नसतो. तीन असतील तर त्यातला खोटा एक ओळखता येतो, चार असतील तर त्यातला एक बंद पडला तरी निभतं. लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत कधीकधी घातला जाणारा जादा सेकंद, एकदम न घेता दिवसभरात पसरवणारे गूगलचे सर्व्हर या यादीत मिसळू नका. शेवटचा लीप सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५:३० च्या आधी आला होता, आणि पुढचा आला तर दोन्ही गट तेवढ्या काळापुरते एकमेकांशी भांडतील.

ऑफिसमध्ये वीस पीसी असतील तर वीसही जणांना बाहेर पाठवू नका. डोमेन असेल तर पीडीसी एम्युलेटरची भूमिका असलेल्या सर्व्हरलाच बाहेरची वेळ द्या, बाकीचे त्याच्याकडून घेतात. डोमेनमध्ये फरक ५ मिनिटांपेक्षा वाढला की कर्बेरॉस ही डोमेनची ओळख-तपासणी लॉगिन नाकारते, पासवर्ड बरोबर असूनही. डोमेन नसेल तर एका लिनक्स यंत्रावर क्रोनी ठेवून त्यात «अलाउ १९२.१६८.१.०/२४» अशी आपल्या नेटवर्कची ओळ घाला आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता द्या.

सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरलाही हाच पत्ता देता येतो, विशेषतः त्याला बाहेरचं नेट दिलेलं नसेल तर. मेन्यूत एनटीपी चालू करा, झोन जीएमटी+०५:३०, डीएसटी (उन्हाळी वेळ) बंद. डीएसटी चुकून चालू राहिलं तर वर्षातले काही महिने फुटेज एक तास पुढचं दिसतं आणि ते पोलिसांनी मागितल्यावरच लक्षात येतं. वेळ मागे आणायची असेल तर आधी गरजेचं फुटेज कॉपी करून घ्या. मागे गेलेल्या तेवढ्या मिनिटांचं रेकॉर्डिंग एकाच वेळेच्या नावाने दोनदा होतं, आणि काही डीव्हीआर त्यातलं जुनं पुसून टाकतात.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, घड्याळ सतत पुढे-मागे उडत असेल तर दोन मालक एकाच वेळी त्याला ओढत असतात: बाहेरच्या होस्टचं टाइम सिंक आणि आतलं एनटीपी. एकच ठेवा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलचं घड्याळ लॅपटॉप झोपून उठल्यावर मागे राहिलेलं आढळलं, तर आत «सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस» दिलं की ते लगेच जुळतं.